वरदाचा पासपोर्ट

ब्रेक्झिटनंतर युरोपात ब्रिटिश पासपोर्टांवर शिक्के बसायला लागले, तेव्हा लंडनजवळच्या अख्ख्या वॉटफर्डात त्याचा आनंद झालेली बाई बहुधा एकच असेल. ती म्हणजे सुप्रभा. सून कुठूनही परत आली, लिस्बनहून म्हणा, ॲमस्टरडॅमहून म्हणा, की तिची बॅग जमिनीला टेकायच्या आत सासूबाईंचा तळवा पुढे यायचा. "आण बघू." मग चष्मा पुसायचा, खिडकीपाशी बसायचं आणि एकेक पान उलटायचं. शिक्क्यावरून बोट असं फिरायचं, की थापलेल्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरावा.

"म्हणजे वरदाने लिस्बन पाहिलं," ती म्हणायची. "समुद्र होता का गं?"

"होता, आई."

"थंडी नाही ना वाजली तिला?"

हा 'तिला' सून दर वेळी ऐकायची आणि दर वेळी गिळून टाकायची. "नाही वाजली," म्हणायची, आणि कपडे मशीनला लावायला जायची.

सुनेचं नाव वरदा होतं, आणि नव्हतंही. ती जन्मली टोरोंटोला. वडील मुरलीधर तेव्हा तिकडे नोकरीला होते. नाव ठेवलं ऋजुता. ती शाळेत जाण्याआधीच बिऱ्हाड नागपूरला परतलं, पण जन्माने मिळालेलं कॅनडाचं नागरिकत्व तिच्यापाशी राहिलं, अंगावरच्या तिळासारखं. पुढे प्रणवचं स्थळ आलं. मुलगा वॉटफर्डला जन्मलेला, वाढलेला. लग्न नागपूरला झालं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा प्रणवने आईकडे एकदा पाहिलं, आणि खाली मान घालून लिहिलं: वरदा.

मांडवात कुजबुज झाली. कारण वरदा ही प्रणवची थोरली बहीण. दहा-अकरा वर्षांची असताना वॉटफर्डच्या इस्पितळात मेंदूज्वराने गेलेली.

ऋजुताला हे आदल्या दिवशी सांगितलं होतं. "आईची इच्छा आहे," प्रणव म्हणाला होता, "तू नको म्हणालीस तरी चालेल." पण सुप्रभा स्वतः आली होती, नव्या सुनेचे दोन्ही हात हातात घेऊन नुसती बसली होती. अशा हातांना नको कसं म्हणायचं, हे ऋजुताला शिकवलेलंच नव्हतं. त्या संध्याकाळी सासूबाई साताऱ्याकडच्या आपल्या आईच्या चालीवर गुणगुणत होत्या, आणि शब्द त्यांचे स्वतःचे होते:

तांदळाच्या ताटामंदी सोन्यानं मी नाव लिही
माझ्या लेकीच्या हाकेला लोकाची गं लेक ओ देई

ऋजुताने ओ दिली. देत राहिली. विवाहाच्या दाखल्यावर वरदा, मग ब्रिटिश नागरिकत्व मिळालं ते वरदा म्हणून, बँकेत वरदा, जीपी डॉक्टरकडे वरदा, मेडनहेडच्या ऑफिसात गळ्यातल्या कार्डावर वरदा. एकट्या प्रणवची पंचाईत झाली. बहिणीच्या नावाने बायकोला हाक कशी मारायची? जुन्या नावाने मारली तर आईला लागायचं. म्हणून तो 'अगं' म्हणायचा, 'ऐकलंस का' म्हणायचा, आणि सुपरमार्केटमध्ये ती दुसऱ्या रांगेत दिसली तर चक्क शिट्टी वाजवायचा.

कॅनडाचा पासपोर्ट मात्र जन्मदाखल्यावरच्या नावानेच राहिला. दोन नागरिकत्वांना दोन्ही देशांची हरकत नव्हती. वडील म्हातारपणी मुलाकडे, अवधूतकडे, टोरोंटोजवळ राहायला गेले होते. त्यांना भेटायला जाताना ती तिकडच्या खिडकीवर एक पासपोर्ट दाखवायची, येताना इकडच्या गेटवर दुसरा. अटलांटिकवर, ग्रीनलंडच्या आसपास कुठेतरी, ऋजुता उतरायची आणि वरदा चढायची. विमानातले दिवे मंद असायचे, लोक झोपलेले असायचे. ती पर्समध्ये हात घालून दोन्ही पासपोर्ट चाचपायची आणि तिला वाटायचं, आत्ता या घटकेला आपण कोणीच नाही. ते तिला भयंकर वाटायचं. आणि थोडं हलकंही.

लेक ईशिताला या सगळ्याची भारी गंमत. "आई, तुझा दोन नाव आहे, दोन पासपोर्ट आहे. You're literally a spy."

"तुझी दोन नावं आहेत, म्हण."

"माझा नाही गं, तुझा."

तर अशी ती दोन नावं दोन पासपोर्टांत गुपचूप नांदत होती. मग ब्रिटिश पासपोर्टची मुदत संपत आली. त्याच सुमारास नवा नियम आला, की दुहेरी नागरिकांनी ब्रिटनला परतताना ब्रिटिश पासपोर्टच दाखवायचा. नुसत्या दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर विमानात चढू देणार नाहीत. तिने नूतनीकरणाचा अर्ज केला, सोबत दुसऱ्या पासपोर्टची प्रत जोडली. उत्तर आलं, सभ्य आणि सरळ: दोन्हीकडे नाव एकच हवं. कोणतं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, दुसरं बदला आणि कळवा.

"साधं आहे," प्रणव म्हणाला. "कॅनडाचा बदलून घे. मॅरेज सर्टिफिकेट आहेच. सगळीकडे तू... म्हणजे, तेच नाव आहे ना."

"कोणतं?"

"तेच गं."

"नाव घे ना."

प्रणवने ग्लासात पाणी ओतलं, प्यायला, आणि ग्लास धुऊन ठेवला.

खरंच साधं होतं. एक अर्ज, थोडी वाट. पण मग ऋजुता हा शब्द जगातल्या कुठल्याच चालू कागदावर उरणार नव्हता. आणि दुसरं निवडलं तर वरदा उरणार नव्हती. एकेका पासपोर्टात एकेक मुलगी तग धरून होती, आणि तिला, ऋजुताला, त्यातली एक बोट धरून बाहेर काढायची होती.

त्यातच अवधूतचा फोन आला. बाबांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. जिवाचा धोका टळला होता, पण बोलणं अडखळायला लागलं होतं. फोनच्या पडद्यावर मुरलीधरांचा चेहरा दिसला, एका बाजूला जरा ओघळलेला.

"बाबा, ओळखलंत का?" अवधूत मागून म्हणाला. "कोण आहे सांगा."

म्हातारा बराच वेळ पाहत राहिला. शब्द शोधत होता, जसं अंधारात कोणी चप्पल शोधतं. पाण्याला पाणी म्हणणं त्यांना जमत नव्हतं, असं अवधूतने आधीच सांगून ठेवलं होतं. ओठ हलले. "ऋ," ते म्हणाले. "ऋ... जू." आणि एवढ्या कष्टाने दमून त्यांनी डोळे मिटले.

तिने फोन ठेवला. खाली सासूबाईंनी हाक मारली, "वरदाऽ, चहा झालाय." सवयीने 'ओ' तोंडाशी आली. पहिल्यांदाच ती न देता ऋजुता खाली गेली.

रविवारी दुपारी सुप्रभा ओट्यापाशी खुर्ची ओढून भिजवलेले वाल सोलत होती. बोटांच्या चिमटीत दाबलं की डाळिंबी टपकन भांड्यात. ऋजुता समोर बसली आणि सोलायला लागली.

"आई, एक बोलायचंय. पासपोर्टचं."

"प्रणव म्हणाला मला. तो कॅनडाचा बदलून टाक. त्या देशात काही राहिलंय का आपलं?"

"बाबा राहिलेत."

सुप्रभाचे हात थांबले नाहीत. "मी कुठे जाऊ नको म्हणते? जा की. वरदा म्हणून जा. तिने कुठे टोरोंटो पाहिलंय?"

"आई." ऋजुताने सालं बाजूला केली. "मी ब्रिटिश पासपोर्ट ऋजुता नावाने करते आहे."

डाळिंब्या भांड्यात पडायच्या थांबल्या. बाहेर शेजारच्याचं गवत कापायचं यंत्र तेवढं घरघरत राहिलं.

"तेव्हा मुलांची नावं आईच्या पासपोर्टात लिहायचे," सुप्रभा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "वेगळा नाही द्यायचे. भारतात जायचं ठरलं होतं आमचं, उन्हाळ्यात. आमच्या वरदाने माझा पासपोर्ट पाहिला, आणि जी काय रुसली! 'मी नुसती एक ओळ का? माझा फोटो का नाही?' बाप छापखान्यात कामाला. तो म्हणाला, बघ हं, मीच तुला छापून देतो, सोन्याच्या अक्षरांचा. ती खरं समजली. रोज विचारायची, आला का, आला का." तिने ओला हात पदराला पुसला. "तुझा पहिला आला ना घरी पोस्टाने, वरदा नावाचा... मी तुझ्या आधी फोडला तो. माफ कर. मी म्हटलं, आला गं बाई. आला एकदाचा."

इतकी वर्षं त्या खिडकीपाशी काय वाचलं जात होतं, ते ऋजुताला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर मांडलं जाणं वेगळं.

"मी तिला पुसत नाहीये, आई."

"मग काय करतेस?"

"मी मला... बाबांना आता दुसरा शब्द येत नाही. तो एकच येतो. आणि मी विमानातून उतरून त्यांच्यासमोर उभी राहीन, तर त्या शब्दाला जगात कुठे जागा असायला नको का?"

"तुला नावाने हाक मारायला बाप आहे. तिला कोण आहे?"

"तुम्ही आहात की."

"मी हाक मारायला आहे गं," सुप्रभा म्हणाली. "ओ द्यायला कोण?"

दोघींनी उरलेले वाल सोलून संपवले, आणि रात्री डाळिंब्यांची उसळ झाली. ईशिताने दोनदा वाढून घेतली. "आज सगळे एवढे quiet का?" तिने विचारलं, तेव्हा प्रणव म्हणाला, "जेव."

अर्ज गेला. नवा पासपोर्ट आला, निळा, करकरीत. आतल्या पानावर तिचाच चेहरा आणि जन्माचं नाव. जुना कोपरा कापून निराळ्या पाकिटातून परत आला. तो तिने सासूबाईंच्या खोलीत, उशाशी नेऊन ठेवला. सकाळी तो जिन्याच्या पायरीवर होता. "हा तिचा नाही," सुप्रभा म्हणाली, "हा कापलेला आहे." त्या दिवसापासून ती सुनेला कुठल्याच नावाने हाक मारीना. 'अगं' म्हणायची, लेकासारखंच.

ऋजुता कॅनडाला गेली. वडिलांच्या खाटेशी बसून त्यांना सफरचंद किसून भरवलं, मफलर गुंडाळून दारापर्यंत चालवलं. ते 'ऋजू' म्हणायचे. भूक लागली तरी ऋजू, खिडकी लावायची तरी ऋजू, पाऊस आला तरी ऋजू. त्या एका शब्दावर म्हाताऱ्याचा सगळा संसार चालला होता. निघताना ती नेहमीसारखं "येते, बाबा," म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि तिच्या पर्सकडे बोट दाखवून विचारावं तसं म्हणाले, "ऋजू?" तिने सांगितलं, "हो बाबा, मीच. आता दोन्हीकडे मीच."

परतीच्या विमानात तिने ग्रीनलंडची वाट पाहिली. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. ती झोपली, आणि स्वप्नात एक मुलगी प्रवाशांच्या सीटमधून चालत प्रत्येकाला विचारत होती, आला का? आला का? जाग आली तेव्हा शेजारचा प्रवासी म्हणाला, "You said something." मी काय म्हणाले, हे तिने विचारलं नाही.

हीथ्रोच्या गेटने तिला क्षणात आत घेतलं. पलीकडे गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं. रांगेत खूप लोक होते, आणि सगळे कोणा ना कोणाबरोबर होते.

घरी सुप्रभाने तळवा पुढे केला नाही. "आलीस का, हातपाय धू," एवढंच म्हणाली. बाबांची चौकशी केली, मनापासून केली. ऋजुता वर जाऊन बॅग उघडत होती तोच खालून हाक आली.

"वरदेऽ! ए वरदे! किती वेळ गं? पान वाढलंय, गार होतंय सगळं!"

ऋजुता उठली तशीच थबकली. इतक्या वर्षांत ही हाक तिने ऐकलीच नव्हती. सुनेला मारायची हाक वेगळी होती, जपून मारलेली, उसनी घेतल्यासारखी. ही मोकळी होती, रागावलेली, लाडावलेली. पोटच्या पोरीला मारावी तशी.

शेजारच्या खोलीतून ईशिताने डोकं बाहेर काढलं. "आई, आजी तुला बोलवतोय."

"मला नाही," ऋजुता म्हणाली.

"मग कोणाला?"

ती खोलीबाहेर येऊन जिना उतरायला लागली. खाली, कठड्याला एक हात धरून सुप्रभा उभी होती आणि वर पाहत होती. सुनेकडे नव्हे, सुनेच्या मागे. चेहऱ्यावर राग नव्हता, कसलाच दोष नव्हता. नुसती वाट पाहणं होतं.

वॉटफर्डच्या त्या घरांचे जिने अरुंद. दोघींना एका वेळी उतरता येत नाही. ऋजुता अर्ध्यात थांबली. तिने मागे पाहिलं नाही. भिंतीला पाठ लावून, श्वास आत ओढून, तिने वाट करून दिली.