अठराशे बाह्या आणि एक गाणं

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. हैतीतल्या पोर्त-ओ-प्रिन्स शहरात, कपड्यांच्या कारखान्यात, चौथ्या ओळीत सातवी. माझा दोरा सारखा तुटतो. तेव्हा गोष्ट मध्येच थांबली तर रागावू नका.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते आठवत नाही. जहाजातून उतरले तेव्हाच माझा रंग उडालेला होता. अकरा वर्षं माझ्यावर इव्रोज बसते. रोज सकाळी ती मला तेल घालते, फडक्याने पुसते आणि म्हणते, "चल गं बाई, आज रुसू नकोस." आम्ही सदऱ्यांच्या बाह्या शिवतो. आमची ओळ दिवसाला बाराशे करायची. त्याबद्दल आम्हाला कित्येकदा शाबासकी

दोरा तुटला. ओवला.

शाबासकी मिळाली. मजुरी मात्र तीच राहिली. मग बाया रस्त्यावर उतरल्या, डोळ्यांत पोलिसांचा अश्रुधूर घेऊन परतल्या, आणि सरकारने किमान मजुरी वाढवली. लेकीला, रोझलांदला, पुन्हा शाळेत घालायचं इव्रोजने त्याच दिवशी ठरवलं. गणवेशाचं निळं कापडही बघून आली.

कारखान्यात पाटी लागली. वाढीव मजुरी मिळेल, पण नवा आकडा गाठणाऱ्या ओळीलाच. आकडा ठरवायला, आमचा वेग मोजणारे घड्याळवाले साहेब येणार होते.

ओळीतल्या सर्वांत जुन्या नेल्टामावशीने सगळ्यांना बजावलं, "उद्या हात जड ठेवा, म्हणजे आकडा खाली राहील. खोका, शिंका, सुई शोधत बसा. कुणी शहाणपणा केला तर माझ्याशी गाठ आहे."

साहेब आले. बाया गोगलगाईसारख्या शिवू लागल्या. साहेब खुर्ची ओढून बसले आणि हसले. "मयताला आल्यासारख्या काय बसलात? मी तर तुमच्या ओळीचं गाणं ऐकायला आलोय. ती गाणारी इव्रोज कोण?"

इव्रोज लाजली. तिच्या गावाकडे शेजारीपाजारी मिळून एकेकाचं शेत खणतात, तेव्हाचं गाणं तिने हळूच धरलं. दुसऱ्या कडव्याला नेल्टामावशीनेच आवाज चढवला. ते गाणं कुदळीसाठी बांधलेलं आहे, सगळ्यांचे हात एकदम पडावेत म्हणून. ते पडू लागले. पाय पडू लागले. मीही

नाही. तेव्हा नाही तुटला.

गाणं संपलं आणि साहेबांनी घड्याळ थांबवलं. "सुंदर," एवढंच म्हणाले आणि आकडा लिहून घेतला.

दिवसाला अठराशे. तो आजवर एकाही ओळीला गाठता आलेला नाही. वाढीव मजुरी पाटीवरच आहे. नेल्टामावशी इव्रोजला काही बोलत नाही. आवाज तिनेही चढवला होता. रोझलांद अजून घरीच धाकट्या भावाला सांभाळते.

मित्रांनो, मशीनला वेळेवर तेल घाला, असं सांगून मी गोष्ट संपवणार होते. पण त्या सकाळीही इव्रोजने मला तेल घातलं होतं. दिवसातून दहा वेळा तुटणारा माझा दोरा गाणं संपेपर्यंत एकदाही तुटला नाही. मला तो तोडता येत नाही. तो आपला आपण तुटतो.

म्हणून एवढंच मागते. कामात रमून कुणी गात असेल, तर तेवढा वेळ हातातलं घड्याळ बाजूला ठेवा. आमच्या ओळीत आता कुणी गात नाही. नुसता मशिनींचा आवाज, आणि मध्येच कधीतरी इव्रोजचा, "चल गं बाई, आज

दोरा तुटला.