माळभिंगऱ्या आणि पाच वाजताचं लग्न

लग्न संध्याकाळी पाचला होतं आणि साडेतीन वाजता नवरी घरात नव्हती.

केशवराव सूट चढवून बहरीनमधल्या सनदच्या आपल्या फ्लॅटभर फिरत होते. बाथरूमचं दार ठोठावून झालं, गच्ची पाहून झाली, कपाटामागेही डोकावून झालं. एम.एस्सी. झालेली, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी मुलगी कपाटामागे कशाला लपेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. बापाचं डोकं अशा वेळी चालत नाही, पाय तेवढे चालतात.

प्रभावतीबाई हातात गजरा घेऊन उभ्या होत्या. "पांढरी साडी नेसून गेली," त्या म्हणाल्या. "अन् दुर्बीण घेऊन."

"दुर्बीण?" केशवराव मटकन खुर्चीत बसले. दुर्बीण म्हटल्यावर विचारायचं काही उरलंच नाही.

हे लग्न कसं ठरलं ते आधी ऐका. केशवराव मूळचे अकोल्याचे, बाबासाहेबांचे पक्के अनुयायी, एका कंपनीत ड्राफ्ट्समन. मुहूर्त हा शब्द कानावर पडला की त्यांचं टाळकं सरकायचं. दुसऱ्याच्या लग्नाला गेले तरी ते घड्याळाकडे बोट दाखवून अनोळखी माणसाला विचारत, "पंचांग पाहून लावलेली लग्नं काय मोडत नाहीत?" बिचारा पाहुणा ताट घेऊन दुसरीकडे सरके. तेव्हा स्वतःच्या एकुलत्या एका मुलीच्या, संघप्रियाच्या लग्नाची तारीख त्यांनी शुद्ध बुद्धीनं काढली. शुक्रवार, म्हणजे सगळ्यांना सुट्टी. मनामातला हॉल मोकळा. नवरा मुलगा प्रबुद्ध अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन, त्याची लीव्ह मंजूर. त्याच्या आईवडिलांचा व्हिजिट व्हिसाही हातात. राहता राहिली संघप्रियाची एक अट. लग्न पक्ष्यांच्या हंगामात नको.

तिचे पक्षी म्हणजे माळभिंगऱ्या. मुठीत मावेल एवढा जीव, शेपटीला दोन काड्या. ही पाखरं थंडीचे महिने आफ्रिकेच्या दक्षिणेला, बोट्स्वाना-झिंबाब्वेकडच्या लव्हाळ्यांत काढतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेकडे निघतात. वाटेत काही थवे बहरीनच्या खाडीवर, सनदच्या तिवरांत रात्रीपुरते उतरतात. आफ्रिकेतल्या काही अभ्यासकांनी वाटेवरच्या गावोगावी मोजणारी माणसं जमवली होती, आणि बहरीनचं माणूस म्हणजे आमची संघप्रिया. पगार मफी म्हणजे शून्य, चिखल भरपूर. तीन वर्षांच्या मोजणीतला हा तिचा तिसरा आणि शेवटचा हंगाम होता. तिकडे दुष्काळ पडतोय, पाऊस कधी लवकर तर कधी गायब, हवा तापतेय. पाऊस हलला की किडे हलतात, किडे हलले की त्यांच्यावर जगणारी पाखरं हलतात. ती नेमकी किती दिवसांनी हलली, हे कळायला पहिला मोठा थवा उतरतो ती पहिली संध्याकाळ हाती लागावी लागते. ती हुकली की अख्खं वर्ष हुकलं, आणि एक वर्ष हुकलं की तीनही वर्षांची साखळी तुटली. हे तिनं बापाला जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं की केशवरावांना वरणातसुद्धा भिंगऱ्या दिसू लागल्या होत्या.

"येतात केव्हा ह्या?" त्यांनी विचारलं होतं.

"एप्रिल. दोन्ही वर्षं एप्रिल," ती म्हणाली होती.

म्हणून मार्चच्या मधला शुक्रवार. केशवरावांनी छाती फुगवून ही गोष्ट शिवदासला सांगितली. शिवदास कुडाळचा, तुबलीत त्याचं गॅरेज. पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि पंचवीस वर्षांची खोडी.

"मुहूर्त मानत नाय म्हणतास," शिवदास पान्यानं डोकं खाजवत म्हणाला, "आणि पाखरांका इचारून तारीख काढतास! आमचो भटजी तरी दक्षिणा घेऊन गप बसता."

"हे सायन्स आहे, सायन्स!" केशवराव कडाडले.

आता सायन्सनं शेंडी लावली होती. पाखरं एप्रिलची वाट न बघता आजच आली. अन् हे संघप्रियाला कुणी सांगावं? तर ह्याच शिवदासनं. गॅरेजच्या तारांवर रांगच रांग बघून त्याला राहवलं नाही, त्यानं फोन केला, "चेडवा, तुझे पाव्हणे इले!" आणि मग हार लावलेली लग्नाची गाडी घेऊन नवरीला न्यायला खाली येऊन उभा राहिला. साधाभोळा चेहरा करून.

"तुमी तिले सांगाले काऊन गेले?" प्रभावतीबाई खिडकीतून ओरडल्या.

"वहिनी, चांगली खबर लपवूक माका जमत नाय!"

केशवराव गाडीत बसले. लग्नाच्या गाडीत नवरीच्या जागी घाम पुसणारा बाप, बॉनेटवर झेंडूची माळ. रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवत पळाली. शिवदासनं वर हॉर्नही वाजवला.

किनाऱ्यावर गाडी थांबली आणि आधी वास आला. भरती उतरली की तुबलीच्या खाडीला असा वास सुटतो की माणसानं श्वास उधार ठेवावा. आणि त्या वासात, तिवरांच्या कडेला, साडी पोटऱ्यांपर्यंत खोचून संघप्रिया उभी होती. तिच्याशेजारी पँट दुमडून, अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं यंत्र हातात धरून उभा होता तो प्रबुद्ध.

"तुम्ही!" केशवरावांनी त्याच्या दुमडलेल्या पँटकडे बोट दाखवलं. "नवरदेव! तुम्हीसुद्धा!"

"बाबा, नमस्कार," प्रबुद्ध ओशाळून म्हणाला. "थवा दोन बाजूंनी येतो. एकट्यानं होत नाही."

शिवदास खो खो हसायला लागला. केशवरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तोंडावर हात ठेवून हसायला लागला.

"हॉलमध्ये माणसं जमताहेत," केशवराव म्हणाले. "प्रबुद्धचे आईवडील येऊन बसलेत. पत्रिकेत पाच छापलंय. मी आयुष्यभर लोकांना वेळेवरून बोल लावलेत, आणि आज माझ्याच घरी..."

"सनसेटला उतरतील, बाबा. पावणेसहाच्या आसपास." संघप्रियाचा आवाज अगदी लहान झाला. "आय नो, मी चुकले. मीच एप्रिल म्हटलं होतं. पण त्यांनाच आता धरबंद राहिला नाही, मी काय करू? तुम्ही 'चल' म्हणालात तर येते. खरंच येते."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, ओरडता आलं असतं. ती फक्त बापाकडे बघत होती आणि मधूनच, नकळत, आकाशाकडे. केशवरावांना एकदम वाटलं, ही आपण 'चल' म्हटलं तर येईल, हसून फोटो काढील, आणि तीन वर्षांचा चिखल मुकाट्यानं धुऊन टाकील. पोरीला शाळेत घालताना आपण काय म्हटलं होतं? जे हाती घेशील ते पुरं कर, कुणाच्या बापाचं ऐकू नको. आता तो बाप आपणच निघालो. त्यांना स्वतःचा इतका राग आला की टाय ओढून त्यांनी खिशात कोंबला.

"शिवदास!"

"काय?"

"हॉलवर जा. सगळ्यांना इथं घेऊन ये. मूर्ती, फोटो, हार, पुलावाची पातेली, बौद्धाचार्य, सगळं. लग्न इथं लागेल. यल्ला, नीघ!"

"ह्या वासात?" शिवदासचे डोळे चमकले. "केशवराव, तुमी खराच येडे झालास!" आणि तो असा पळाला की झेंडूची माळ रस्त्यावरच राहिली.

पुढचा तास कुणी धड सांगू शकत नाही. गाड्यांमागून गाड्या आल्या. शिवदासनं गॅरेजमधले टायर आणून खुर्च्या म्हणून मांडले. प्रभावतीबाई मिनीबसमधून उतरल्या त्या हातात बुद्धाची मूर्ती आणि काखेत बाबासाहेबांचा फोटो घेऊन. दोन्ही एका पेटीवर मांडल्यावर त्यांनी चप्पल चिखलातून उपसली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "एवढं शिकून सवरून कुठं आणलं बाप्पा तुमी आमाले!"

प्रबुद्धची आई पदर नाकाला लावून टायरवर बसली. "हॉलला एसी होता म्हणे," ती कुणाला उद्देशून न म्हणता म्हणाली.

संघप्रियानं मग पाहुण्यांनाच कामाला लावलं. आकाशाचे वाटे पाडले. उत्तरेचा तुकडा कारखान्याच्या मंडळींना, मधला नवरदेवाला, डावीकडचा तिला स्वतःला. चिखलात रुतलेल्या जुन्या पडावाच्या, म्हणजे मोठ्या होडीच्या, वरचा तुकडा बाबांना. "एकेक नाही मोजायचं, दहा-दहाचे घोळके धरा," तिनं बजावलं. शिवदासला तिनं काही दिलं नाही. तो हसतो म्हणून.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि बौद्धाचार्य प्रतिज्ञेला आले तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "आले!"

आले कसले, आभाळच सांडलं. आधी धूर वाटावा तसा एक पट्टा, मग दुसरा, मग किलबिलाट असा की लाउडस्पीकर फिका पडला. माळभिंगऱ्या डोक्यावरून सुसाट जात, वळत, पुन्हा येत. पाहुणे टायरवर उभे राहिले. "वीस! तीस!" "अरे ते माझे, तू तुझे मोज!" "धक्का मारू नका, माझे पन्नास सांडले!" बौद्धाचार्यांनी एक डोळा पोथीवर आणि एक वर ठेवून प्रतिज्ञा सांगितली. "मी पत्नीचा सन्मान करीन," प्रबुद्ध म्हणाला, आणि अंगठा टकटक चालूच. संघप्रियानं आपली प्रतिज्ञा मान वर करूनच म्हटली. हार घालताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, फुलं उधळली गेली, लोक "साधु, साधु, साधु" म्हणाले आणि त्याच दमात "एकशे ऐंशी!" प्रबुद्धच्या आईनं पदर कधीच सोडला होता, ती हात हलवून ओरडत होती, "अगं इकडं बघ, इकडनं निसटल्या!"

मग एकाएकी सगळा थवा तिवरांत ओतला गेला आणि गप्प झाला. उजेड संपला.

संघप्रिया कागद घेऊन एकेकापाशी गेली. पांढऱ्या साडीवर चिखलाची नक्षी, गळ्यात हार, हारात दुर्बीण. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ती त्यांच्यापाशी आली.

"बाबा, पडावाचा वाटा?"

केशवरावांनी खिशातला टाय चाचपला. त्यांनी एकही पाखरू मोजलं नव्हतं. पडावाकडे एकदा पाहिलं, मग मुलगी प्रतिज्ञा म्हणायला लागली आणि त्यानंतर त्यांना दुसरं काही दिसलंच नाही. तिचे ओठ, कपाळावरचं फूल, प्रबुद्धच्या हातात गेलेला तिचा चिखलाचा हात, एवढंच. तीन वर्षांची साखळी बापानं तोडली.

"पोरी, मी..."

"तीनशे चाळीस," मागून प्रभावतीबाई म्हणाल्या. "दहा-दहाचे घोळके धरून. दोनदा मोजले."

संघप्रियानं आकडा लिहिला, आईला घट्ट मिठी मारली, तिच्या साडीलाही चिखल लावला आणि प्रबुद्धकडे धावली.

केशवराव बायकोकडे बघतच राहिले. पक्ष्यांचं नाव काढलं की कपाळाला हात लावणारी ही बाई.

"मले माहीत होतं, तुमी पोट्टीकडेच पाहत राहसान," त्या म्हणाल्या. "म्हणून मी पडावाकडं तोंड करून उभी राह्यली."

"म्हणजे तू लग्न पाह्यलंच नाही?"

"नाही." प्रभावतीबाईंनी टायरवरची धूळ पदरानं पुसली, स्वतः बसल्या आणि नवऱ्याला शेजारी जागा करून दिली. "बसा. आता सांगा मले, कसं झालं."