मधली रेघ

"आबा, आपल्या घराण्याचं चिन्ह काय होतं?"

स्वरालीनं दप्तर टाकलं आणि दारातूनच विचारलं. उंबऱ्यापाशी घोंगडीवर बसलेल्या आजोबांनी, म्हणजे तात्याबांनी, मान वर केली.

"चिन्ह? निवडणूक लागली का परत?"

"निवडणूक न्हाय ओ! घराण्याचं!"

"आपल्या घराण्यातलं कोन हुबं ऱ्हायलंय आजवर? मागल्या टायमाला सोसायटीला शेजारचा सर्जेराव हुबा व्हता, त्येला कपबशी मिळालीवती. पडला."

शिलाई मशीनवर बसलेल्या जोतीरामला, स्वरालीच्या बापाला, हसू आलं. बारामतीच्या कडेला जळोचीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत त्याचं टेलरिंग. शाळेचे गणवेश हे त्याचं मुख्य काम. गावातल्या निम्म्या पोरांच्या चड्ड्या त्यानं शिवल्या असतील, आणि सगळ्या एकाच मापाच्या, असं त्याची बायको सारजा म्हणायची.

स्वरालीची शाळा मुलींची. शहाण्णव सालच्या स्नेहसंमेलनात तिच्या वर्गानं स्वयंवराचं नाटक घेतलं होतं, त्यामुळे राजेही मुलीच आणि मिशा काजळाच्या. बाईंनी फर्मान काढलं होतं, की प्रत्येक राजानं स्वतःचं चिन्ह तयार करून अंगरख्याच्या छातीवर लावायचं. सुप्रियानं पहिल्याच दिवशी सिंह पटकावला. मग आणखी एकीला सिंहच हवा झाला आणि वर्गात दोन राज्यांचं युद्ध पेटलं.

"बाई म्हणाल्या, घरी विचारून या," स्वराली आजोबांना समजावत होती. "सगळ्या मिशावाल्या एका रांगेत उभ्या राहणार. त्यात कोण कुठला राजा हे लांबून कळायला नको का?"

"असं व्हय," आबा म्हणाले. "मंग खूण म्हण की. चिन्ह काय म्हनतीस?"

"खूण होती आपली?"

"व्हती." आबा पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. "मेंढरांसंगं गेली."

मशीन थांबलं.

सहा वर्षांपूर्वी आबांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा जोतीरामनं पळसदेवला, गावी जाऊन त्यांची सगळी मेंढरं विकली होती. त्याचं चुकलं असं कुणीच म्हणालं नसतं. जिकडं बघावं तिकडं ऊस उभा, चरायला माळ उरला नव्हता, आणि आबांची नजर तर अधू झालेली. आबा परत आले ते डोळ्याला हिरवी पट्टी लावून. त्यांनी काही विचारलं नाही. मेंढरांभोवती लावायची वाघर, ती जुनी जाळी, घडी घालून उशाला घेतली आणि निजले. त्या दिवसापासून ते जेवण, चहा, औषध सगळं बोलत, पण मेंढरांबद्दल लेकाशी एक अक्षर नाही. जोतीरामला बापाच्या शिव्या चालल्या असत्या. हे त्याला सोसत नव्हतं.

खूण कशी होती हे बापाला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं आठवून बघितलं. तो लहानपणापासून बोर्डिंगात शिकलेला. कळपात जायचा तो सुट्टीपुरता. पण मेंढ्यांच्या पाठीवर गेरूच्या तीन रेघा असायच्या एवढं पक्कं आठवत होतं. त्यानं पांढऱ्या साटिनचा हातभर तुकडा घेतला, आखायची पट्टी लावली आणि लाल दोऱ्यानं तीन रेघा भरल्या. तिन्ही सरळ, तिन्ही सारख्या.

"नुसत्या तीन रेघा?" स्वराली बापाला म्हणाली. तिचा चेहरा पडला. "अण्णा, सुप्रियाच्या सिंहाला आयाळसुद्धा आहे!"

"आन हिकडं," आबा म्हणाले. त्यांनी कापड मांडीवर घेतलं आणि रेघांवरून बोटं फिरवली. "ही आपली न्हाय."

जोतीराम कसाबसा म्हणाला, "तीनच होत्या की, आबा."

"तीनच. पर मधली आखूड."

आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. मधल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. तरुणपणी लोकर कातरताना ते कातरीत गेलं होतं. जोतीरामनं लहानपणी या हातानं घास खाल्ले होते, ताप आला की हाच हात कपाळावर असायचा. बापाच्या बोटांची खूण त्यानं पट्टी लावून सरळ केली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाजारात धा जणांची मेंढरं एक व्हायची," आबा नातीला सांगत होते. "गेरू समद्यांकडं. पर ह्यो हात कुनाकडं हाय?"

जोतीराम उठला. आतून बशीत गेरू कालवून आणला, साटिनचा नवा तुकडा अंथरला आणि खाली मान घालून म्हणाला, "तुमीच काढा, आबा."

आबांनी बोटं बुडवली आणि एकाच ओढीत तीन रेघा मारल्या. त्या जराशा तिरप्या आल्या. जोतीरामनं त्या ओल्या रेघा वाळेपर्यंत वाट बघितली आणि मग दोरा घातला, कडेनं, कुठंही सरळ न करता. स्वराली शेजारी बसून राहिली. सिंहाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

संमेलन दुपारचं होतं. सारजानं आबांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. पडदा सरकला आणि मिशावाल्यांची रांग उभी राहिली. आबांना लांबचं दिसायचं, पण तोंडं ओळखू यायची नाहीत.

सारजा वाकली. "आबा, आपली ती..."

"सांगू नगंस." आबांनी डोळे बारीक केले. रांगेवरून फिरत फिरत त्यांची नजर कडेच्या राजावर थांबली. "ती. ती आपली."

आणि भर मांडवात त्यांनी जीभ टाळूला लावून कळपाला घालायचे तशी हाळी घातली, "हुर्रर्र!" लोकांनी माना वळवल्या. कडेच्या राजानं खरं तर करारी दिसायचं होतं, पण तो खुदकन हसला आणि मिशी गालावर पसरली. राजकन्येनं माळ सिंहाच्या गळ्यात घातली, ते आधीच ठरलं होतं. पण आबांनी टाळ्या कडेच्या राजासाठी वाजवल्या.

परतताना स्वराली अंगरखा न काढताच आईचा हात धरून पुढं चालली होती. मागं बापलेक.

"जोत्या," आबा म्हणाले. सहा वर्षांत ही हाक आली नव्हती. "इकताना खूण पुसलीवती का रं?"

"न्हाय, आबा."

"घेनाऱ्यानं?"

"माझ्यादेखत तरी न्हाय."

"मंग बरं झालं. आपली म्हनूनच गेली."

पहिल्या कातरणीलाच लोकरीबरोबर रंग जातो. हे आबांना ठाऊक होतं आणि जोतीरामलाही.

थोडं पुढं गेल्यावर रस्ता खडबडीत लागला. आबांनी आधाराला हात लांबवला आणि लेकाच्या पाठीवर टेकवला. तीन बोटं, मधलं आखूड. सदरा पांढरा होता. बोटांना रंग नव्हता, पण घर येईपर्यंत जोतीराम पाठ न हलवता चालत राहिला.