झाकण

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सगळे तिला आक्का म्हणत. बावीस वर्षं जंतू वाढवून तिची नजर आणि जीभ दोन्ही धारदार झाल्या होत्या. समोर विभागाचे साहेब हातातलं घड्याळ दाखवत उभे होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

"आक्का, चोवीस तास झाले. जार उघडा. सर्जन रिपोर्टसाठी खोळंबलेत."

"नाही उघडणार."

जारमध्ये बँडात ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका माणसाच्या फुप्फुसातला पू होता, प्लेटवर पसरलेला. तो आधी दोनदा तपासला होता. दोन्ही वेळा साहेबांच्या घाईपायी जार चोवीस तासांत उघडला आणि रिपोर्ट गेला, वाढ नाही. त्यावरून सर्जननी ठरवलं की जंतू नाहीत म्हणजे कॅन्सरची गाठच असणार. उद्या, गुरुवारी दुपारी बाराला अर्धं फुप्फुस काढून टाकायचं. अर्ध्या फुप्फुसावर माणूस जगेल, पण ट्रम्पेट कसला फुंकतोय!

आक्काला हे पटत नव्हतं. पुवाला नाक धरावं असा कुजका वास होता, आणि या वेळी तिने रंग देऊन काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर जंतू ढिगाने दिसले. मग ते वाढत का नव्हते? कारण त्यांना हवा सोसत नाही. आपल्याला जगवणारा ऑक्सिजन त्यांचा जीव घेतो. म्हणून जारमध्ये ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकायची, झाकण घट्ट आवळायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मध्येच उघडलं की कोवळी वाढ जागच्या जागी खलास.

"सर्जनना मी काय सांगू?"

"सांगा, आक्का ऐकत नाही. उद्या अकराला उघडते."

"तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ द्या. माझी नोकरी गेली तर दुसरी बघेन. त्याला दुसरं फुप्फुस कोण देणार?"

जार ज्या उबदार कपाटात, इन्क्युबेटरमध्ये, ठेवला होता त्याच्या दाराकडे साहेबांनी हात नेला. आक्काने त्यांच्या देखत कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. तरी ती स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसली.

गुरुवारी अकराला तिने झाकण सैल केलं. आधी तोच कुजका वास आला. मग प्लेट बाहेर निघाली, जंतूंच्या बारीक करड्या ठिपक्यांनी भरलेली. साहेबांनी भिंग लावून दोनदा पाहिलं आणि मुकाट्याने सर्जनना फोन लावला. ऑपरेशन थांबलं, आधी औषध द्यायचं ठरलं.

फोन ठेवून साहेब हळूच म्हणाले, "आधीचे दोन रिपोर्ट फाईलमध्येच राहू द्या. कशाला उकरायचं?"

"त्यांच्याखाली सही माझी आहे, साहेब."

नव्या रिपोर्टासह तिन्ही कागद घेऊन ती वॉर्डात गेली. ट्रम्पेटवाल्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. सगळं ऐकून ती रडली, मग डोळे पुसून एकदम ताठ झाली.

"ताई, मग दोनदा जंतू नाहीत असं कुणी लिहिलं होतं?"

आक्काने नजर चुकवली नाही.

"मी," ती म्हणाली. "झाकण लवकर उघडायला सांगितलं, आणि मी उघडलं."