डब्यातला काबोचा

हस्ताची सर ओसरली आणि कृष्णाकाठ उजळला. जलधौत, सुवर्णवर्णी, आश्विनातला संधिप्रकाश अंगणात उतरला. पाटावर रेखलेल्या हत्तीवर त्याने सोन्याची झूल पांघरली. आज उत्तराच्या घरी हादगा होता.

हत्तीभोवती मुलींचा फेर, फेराभोवती झेंडूचा गंध, आणि फेराबाहेर, खांबाला टेकून, उत्तराची लेक शाल्मली. उन्हाळ्यात ओसाकाहून मायदेशी आलेली, आठ वर्षांची, मौनमुद्रित. शाळेत पहिल्याच दिवशी तिने अर्धे उत्तर मराठीत दिले, अर्धे जपानीत. वर्ग खो खो हसला, आणि घराबाहेर तिने मिठाची गुळणी धरली. मराठी आईपुरती राहिली, जपानी खिडकीतल्या चिमण्यांपुरती. दोन भाषांत चिवचिवणारी पोर अशी मुकी झाली.

गाणी संपली. खिरापतीचा डबा आला. ओळखल्याशिवाय खायचे नाही, आणि घरच्या मुलीने काही केल्या नाव फोडायचे नाही, ही हादग्याची रीत. उत्तराने डबा लेकीच्या हाती दिला.

"करंज्या?" मान हलली, नाही. "वड्या?" नाही. "शंकरपाळे?" नाही, नाही. तर्क थकले, चेहरे हिरमुसले. पाहुण्यांना ताटकळत ठेवू नये, हे तिकडच्या शाळेने मनावर कोरलेले; शाल्मलीला बघवेना. रीत विसरून ती ओरडली,

"काबोचा!"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. उत्तराच्या मनात आले, आता हसतील, पुन्हा हसतील, आणि माझी लेक कायमची मिटेल.

"अगं, म्हणजे काय?" शेजारची गौरांगी पुढे सरसावली. "गोड की तिखट?"

रीत मोडली होती, पण गुपित शाबूत होते! शाल्मलीने डबा छातीशी धरला. डोळ्यांत जुना खट्याळपणा लकाकला.

"गोड. पण नाही सांगणार जा!"

मग काय विचारता! फेर पुन्हा धरला, या वेळी शाल्मलीभोवती; काबोचा, काबोचा, टाळ्यांत काबोचा, गिरक्यांत काबोचा. अखेर सगळ्या हरल्या आणि झाकण उघडले. आत लाल भोपळ्याचे, म्हणजेच जपानीतल्या काबोचाचे, घारगे होते, ताम्रवर्णी, टम्म फुगलेले.

"उद्या हादगा आमच्याकडे. यायचं हं," गौरांगीने घास गिळत बजावले, "आणि आमच्या खिरापतीचंही तिकडचं नाव सांगायचं."

दिवेलागण झाली. मुली पांगल्या, कुणी घाटाकडे, कुणी वेशीकडे. बोळाबोळातून हाक उठत राहिली, काबोचा, काबोचा. आणि उंबऱ्यावर उभी शाल्मली प्रत्येक हाकेला ओ देत राहिली, मोठ्याने, अगदी मोठ्याने.