या आठवड्यात मी काय विचारलं?

केंद्राचं पत्र आलं त्या दिवशी आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिला वाचता येतं. पण महत्त्वाचं काही असलं की ती ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकते, म्हणजे चूक झालीच तर ती वाचणाऱ्याची. शाळाशाळांतून घेतलेल्या चाचणीत आमची धाकटी निवडली गेली होती. विशेष बुद्धीच्या मुलांसाठी काढलेल्या नव्या केंद्रात तिने आठवड्यातून तीन दुपारी जायचं होतं. पहिलं वर्ष तात्पुरतं, वर्षाअखेरीला फेरतपासणी, आणि तिला ठेवायचं की परत पाठवायचं ते तेव्हा ठरणार. खाली एक अट होती. पालकांनी घरी निरीक्षण वही ठेवावी, मूल काय विचारतं, कशात रमतं ते लिहावं आणि दर आठवड्याला ती केंद्रात दाखवावी.

धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात तिला भुंगा म्हणायचे, कारण विचार करताना ती नाकातल्या नाकात गुणगुणायची आणि ऐकणाऱ्याचं डोकं उठायचं. मी चौदा वर्षांची. केंद्राची वयोमर्यादा अकराची. हेच केंद्र तीन वर्षं आधी उघडलं असतं तर, हे वाक्य मी त्या वर्षी किती जणांना ऐकवलं त्याला गणती नाही. कोणी विचारलेलं नसायचं.

आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी टोकं धरायची आणि घडी घालायची, दिवसाला पाचसहाशे चादरी. तिच्या बोटांची टोकं त्या उष्णतेने गुळगुळीत झाली होती, पेन हातात ठरायचं नाही.

"तूच लिही," ती म्हणाली. "तुझं अक्षर छान आहे. खाली सही मी करते."

मी वही-पेन घेऊन भुंगाच्या मागे लागले. पहिल्या दिवशी ती बादलीत पेला उलटा दाबत बसली, तासभर, सगळं अंग भिजवून. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "ताई, वही मिटली की समोरासमोरची अक्षरं एकमेकांना वाचतात का?" तिसऱ्या दिवशी काहीच नाही, नुसती गुणगुण. मी कपाळाला हात लावला. हे असलं लिहून दिलं तर केंद्र तिला आठ दिवसांत घरी धाडेल, अशी माझी खात्री झाली.

तेव्हा मी लिहिलं: आज तिने विचारलं, तारा विझला तरी त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येत राहतो, मग आपल्याला दिसतं ते आकाश आत्ताचं की जुनं?

प्रश्न माझा होता. म्हणजे शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकातला होता, पण तो वाचून काटा माझ्या अंगावर आला होता, तिच्या नाही.

सही करण्याआधी आईने तेवढं पान माझ्याकडून वाचून घेतलं आणि वही लाँड्रीत नेली. तिथल्या एकीने ते मोठ्याने वाचलं, रोलर थांबवून. संध्याकाळी आई आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. "सगळ्या म्हणाल्या, पोरगी आहे की कोण आहे!" तिने भुंगाच्या गालावरून हात फिरवला. भुंगा गोंधळून हसली. मी बाजूला बसून चपला पुसत होते आणि मला इतकं छान वाटत होतं की काय सांगू. माझ्या वाक्यावर चार बायांनी चादरी खाली ठेवल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात मी आणखी मोठा प्रश्न लिहिला.

केंद्र जुन्या टेलिफोन ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. भुंगाला सोडायचं-आणायचं काम माझं. आतल्या खोल्यांमध्ये जमिनीपासून वरपर्यंत फळे लावलेले, मुलांनी कुठेही लिहावं म्हणून. टेबलांना चाकं होती, मांडणीत सूक्ष्मदर्शक, तराजू, तारांची भेंडोळी. पॅसेजच्या बाजूला भिंतीऐवजी काच होती. मी त्या काचेला नाक लावून उभी राहायची. मला त्या खोलीत जाऊन बसायचं होतं, आज कबूल करायला काही हरकत नाही.

दर गुरुवारी तिथले सर मुलांना गोलात बसवायचे आणि कुणाच्या तरी वहीतला प्रश्न वाचून त्या मुलाला बोलायला सांगायचे. तिसऱ्या गुरुवारी भुंगाचा नंबर आला. काचेतून आवाज येत नव्हता. सरांनी वही वाचली, मुलांच्या भुवया उंचावल्या, सर तिच्याकडे बघून हसत थांबले. भुंगा उभी राहिली. हात मागे बांधून ती बराच वेळ उभी होती. मग एक चष्मेवाला मुलगाच हातवारे करून तारे समजावू लागला आणि ती खाली बसली.

पुढच्या बुधवारी मी भांडी लावत होते तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"ताई, या आठवड्यात मी काय विचारलं?"

मला हसू फुटलं. मी तिला वही दाखवली. तिने प्रश्न वाचला, त्याचा अर्थ विचारला, मग उत्तर विचारलं, आणि खोलीत फेऱ्या मारत सगळं पाठ केलं. तेव्हापासून दर बुधवारी हेच. मला लाज वाटायला हवी होती. मला मजा वाटली, आणि आपण तिला मदत करतोय असंही वाटलं.

गुरुवार सुरळीत जाऊ लागले. सरांनी वहीत 'छान प्रगती' असा शेरा दिला. बाबा पुलाच्या कामावर बाहेरगावी असायचे, ते महिन्याकाठी आले की वही मांडीवर घेऊन बसायचे आणि म्हणायचे, ही आपल्या घरात जन्मलीच कशी. भुंगा समोरच असायची. आपल्याबद्दल नव्हे, शेजारच्या कुणाबद्दल चाललंय असं तोंड करून ऐकायची.

हिवाळ्यात केव्हा तरी तिची गुणगुण बंद पडली. घरात कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. मी तर म्हटलं, सुटलो बुवा. मग तिची डावी भुवई विरळ दिसायला लागली. ती केस उपटायची, एकेक, पाठ करता करता. केंद्राच्या दिवशी दुपारी जेवण उलटून पडायचं. आई म्हणाली, अभ्यासाचा ताण आहे, हुशार मुलांना असतो. आईला हे लाँड्रीतल्या एकीने सांगितलं होतं, आणि त्या एकीला कुणी सांगितलं होतं ते देवच जाणे.

एकदाच ती आपण होऊन वहीसाठी काही घेऊन आली. "ताई, मला एक सुचलंय. चांगलं आहे का बघ ना."

"बोल."

"शून्य सम आहे का विषम?"

"शून्य म्हणजे काहीच नाही. जे नाहीच, ते सम काय आणि विषम काय? आणि हे वहीत लिहायचं? हसतील सगळे."

"हो ना," ती म्हणाली, आणि गेली. त्यानंतर तिने मला स्वतःचा प्रश्न कधी आणून दाखवला नाही.

फेरतपासणीला आईने अर्धी रजा टाकली. तिने ठेवणीतले कपडे घातले आणि भुंगाची भुवई माझ्या पेन्सिलने भरून घेतली. मला घरी बस म्हणाली, पण भुंगाने माझा हात सोडला नाही, म्हणून मीही गेले.

केंद्राच्या प्रमुख मॅडम साठीच्या असतील, आवाज बारीक, बोलणं सावकाश. त्यांच्या टेबलावर आमची वही होती, पानापानांत रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. माझा जीव सुपाएवढा झाला. इतक्या चिठ्ठ्या!

"यातला कुठला प्रश्न तुला अजून सुटला नाहीये?" त्यांनी भुंगाला विचारलं.

भुंगाने ताऱ्याचा सांगितला. शब्दन् शब्द, स्वल्पविरामाला थांबून. त्याचं उत्तरही सांगितलं. आईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती, तिचे ओठ भुंगाबरोबर हलत होते.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटून बाजूला सारली. "आता यात नसलेला एक सांग. आत्ता डोक्यात असेल तो. वेडावाकडा असला तरी चालेल."

भुंगा खुर्चीतच वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. घाबरली नव्हती ती. ताट पुढे करून वाढायची वाट बघावी, तशी बघत होती.

खोलीत पंखा फिरत होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आई भुंगाकडे. मला अजूनही एखादा प्रश्न पुटपुटता आला असता, आणि खरं सांगते, एक जिभेवर आलाही होता.

"वही मी लिहिलीये," मी म्हणाले. "सगळी. त्यातलं तिचं काहीच नाही."

"मीच सांगितलं होतं तिला लिहायला," आई घाईघाईने म्हणाली. "माझ्या हातांमुळे, मॅडम. अक्षर नुसतं तिचं." मग तिला माझ्या बोलण्याचा अर्थ लागला. ती माझ्याकडे वळली. "म्हणजे? हिने काहीच विचारलं नाही?"

"विचारलं असेल, लिहिलं गेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मला अंदाज होता. नऊ वर्षांचं मूल इतकं व्याकरणशुद्ध विचारत नाही. फेरतपासणीत बघू, म्हटलं."

बघू म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माहीत होतं तर वर्षभर गप्प का बसलात? गुरुवारी तिला उभं का करत राहिलात?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला एक गोष्ट लागलीच कळली, की ओरडायचा हक्क त्या खोलीत सगळ्यात कमी मला होता.

"तिची निवड वहीवरून झालेली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वही नंतर आली." त्यांनी खणातून एक कागद काढून टेबलावर उलटा ठेवला. चाचणीच्या उत्तरपत्रिकेची मागची कोरी बाजू. तिथे पेन्सिलने छोटे छोटे जिने काढले होते, एका पायरीचा, दोन पायऱ्यांचा, असे आठपर्यंत. प्रत्येकाच्या शेजारी आकडा: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४.

"एका वेळी एक पायरी किंवा दोन, असं चढायचं, तर जिना किती तऱ्हांनी चढता येतो ते तिने मोजलंय," मॅडम आईला समजावू लागल्या. "चार पायऱ्यांचा पाच तऱ्हांनी. पाचांचा आठ. हे आम्ही विचारलंच नव्हतं. तिला वेळ उरला होता. आणि खाली बघा काय लिहिलंय."

खाली तिच्या तिरक्या अक्षरात होतं: आदीच्या दोन मिळवल्या की पुडची येते. का?

"त्या 'का'साठी घेतलं आम्ही हिला," मॅडम म्हणाल्या. "पुढे वहीत हे कधीतरी येईल, म्हणून मी वाट बघत राहिले."

आमच्या इमारतीचा जिना माझ्या डोळ्यांसमोर आला. वही सुरू झाली तेव्हा ती जिन्यातच असायची. दोन पायऱ्या वर, एक वर, पुन्हा खाली, पुन्हा पहिल्यापासून, आणि तोंडाने सारखी गुणगुण. शेजारी कटकट करायचे. मी कितीदा तिला दंडाला धरून वर ओढत आणली होती, वहीत काहीतरी लिहिण्याजोगं बोल म्हणून. तिच्यापुढे वही घेऊन बसलेली मी, आणि जिन्याची एक ओळ मी लिहिली नाही.

आईने कागद भुंगापुढे सरकवला. "बघ, बाळा. हे तुझं. पुढचं सांग ना मॅडमना, त्याचं पुढे काय झालं."

भुंगाने कागद नीट बघितला. वरपासून खालपर्यंत, कुणाची तरी हरवलेली वस्तू आपली आहे का ते बघावं तसा. मग केंद्रात शिकवलं होतं तशा अदबीने तिने तो परत सरकवला.

"हे मी नाही केलं. हे हुशार आहे. हे ताईने केलं असेल."

"अगं, अक्षर तुझं आहे," आई म्हणाली.

"ताई दुसऱ्यांच्या नावाने लिहिते ना."

मी उठले आणि तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले. पेन्सिलने भरलेली भुवई घामाने पसरली होती आणि खालची कातडी दिसत होती. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, कारण मग तिने मलाच समजावलं असतं.

"भुंगा, ऐक. मला यातलं ओ की ठो कळत नाही. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. हे तू केलंस. तू एकटीने. आधीच्या दोन मिळवल्या की पुढची येते, हे तू शोधलंस."

तिने मन लावून ऐकलं. मान हलवली. तिचा हात डाव्या भुवईकडे गेला आणि ओठ हलायला लागले.

"हे मी केलं," ती पुटपुटली. "आधीच्या दोन मिळवल्या की पुढची येते, हे मी शोधलं. मी एकटीने. हे मी केलं." डोळे मिटून तिने ते आणखी एकदा म्हटलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आलं का, ताई?"