सातवा धडा

दादाने एका हाताने वही तिच्या तोंडासमोर धरली आणि दुसऱ्या हाताने तिची वेणी मागे ओढली.

"कोण आहे तो?"

"कोणी नाही. गृहपाठ आहे, दादा."

"मला वेडा समजतेस?"

सकाळी ती आंघोळीला गेली असताना त्याने तिच्या फ्रेंचच्या वहीतल्या पानाचा फोटो काढला होता. मोबाइलने त्याचा अर्थ करून दिला होता. मी प्रेमात पडले आहे. आम्ही रोज गुपचूप भेटतो. घरी कुणाला काही माहीत नाही. भावाशी मी खोटं बोलते.

"सातवा धडा आहे तो, खरंच. दप्तरात पुस्तक आहे, बघ ना!"

"धडा? थांब, मीच शिकवतो तुला धडा."

ती चौदा वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. दादा नऊ वर्षांनी मोठा. टायरच्या दुकानात ट्रकची चाकं उतरवून त्याचे दंड लोखंडासारखे झाले होते. वडील गेल्यापासून घराची अब्रू आपल्या हातात आहे, असं तो येताजाता ऐकवायचा. एरवी एका चापटीवर भागायचं.

आज भागलं नाही. पहिली थप्पड कानावर बसली. दुसरीने ती टेबलावर आदळली आणि काचेचा जग खाली फुटला. ती उठून दाराकडे धावली, तेव्हा त्याने तिचा उजवा हात पकडून पाठीमागे पिळला.

"नाव सांग."

तिच्यापाशी सांगायला नावच नव्हतं. सुटका व्हावी म्हणून एखादं बनवून सांगावं असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात हाड मोडलं. तो आवाज दोघांनीही ऐकला. तरी हात सोडायला त्याला क्षणभर वेळ लागला.

इस्पितळाच्या कपडे धुण्याच्या विभागात काम करणारी आई त्याच वेळी पाळी संपवून जिना चढत होती. किंकाळी ऐकून ती धावत आत आली आणि कॉलर धरून तिने मुलाला मागे खेचलं. त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. तिने कॉलर सोडली नाही.

"कशी पडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"जिन्यावरून," आई ओठाला रुमाल लावून म्हणाली.

डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला. "जिन्यावरून पडून हाड असं पिळवटून मोडत नाही, बाई." मग ते मुलीकडे वळले. "काय गं?"

भिंगरीने आईच्या रुमालाकडे पाहिलं.

"जिन्यावरूनच," ती म्हणाली.

चार दिवसांनी आई रजेचा अर्ज घेऊन शाळेत गेली. वहीतल्या त्या ओळींबद्दल तिने फ्रेंचच्या मॅडमना भीत भीत विचारलं. मॅडमनी पुस्तक उघडून दाखवलं. धड्याचं नाव 'भावना आणि मित्रमंडळी'. त्यातली मुलगी मैत्रिणीला पत्र लिहिते. ते पत्र वर्गाने वहीत उतरवायचं होतं.

रात्रीच्या जेवणाला आईने ते पुस्तक दादाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"ह्याचाही काढ फोटो."

त्याने काढला. वाचला. ताट तसंच टाकून उठला आणि मोरीत जाऊन हातांवरचं काळं वंगण बराच वेळ घासत राहिला. माफीचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

रविवारी दुपारी मात्र तो तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

"लिहायचं राहिलंय ना तुझं? तू सांग, मी लिहितो."

स्वतःच्या भावनांवर पाच वाक्यं लिहायची होती. ती एकेक अक्षर सांगू लागली, तो जाड बोटांत पेन धरून लिहू लागला. पहिलं झाल्यावर त्याने अर्थ विचारला.

"मला इतिहासाचा कंटाळा येतो."

तो हसला. "मलाही यायचा." दुसरं वाक्य मैत्रिणीच्या नव्या बुटांच्या हेव्याचं होतं. त्यावर तो पुन्हा हसला आणि पाण्याचा पेला घ्यायला त्याने हात उचलला. भिंगरीने प्लास्टरचा हात झटकन छातीशी घेतला आणि मान खाली घातली.

त्याचा हात हवेतच थांबला. मग सावकाश त्याने तो मांडीवर ठेवला.

"तिसरं सांग," तो म्हणाला.

ती सांगू लागली. जे, वर स्वल्पविरामासारखी खूण, ए, आय. पी, ई, यू, आर. शेवटच्या शब्दातल्या पहिल्या ईच्या डोक्यावर डावीकडून उतरती काडी. त्याने काढली.

"अर्थ?"

"मला माझ्या भावाची भीती वाटते."

स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज बंद झाला. दादाने पेन कागदावरून उचललंच नाही. शाईचा ठिपका पसरत गेला.

"मॅडम वाचणार हे?"

"वर्गात सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावतात."

तो वहीकडे बघत राहिला. त्याच्या जबड्याची शीर उडत होती. तिने पाय खुर्चीवर घेतले, जवळ ओढले, आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"काडी नीट आलीय का बघ," तो म्हणाला आणि वही तिच्याकडे सरकवली.

तिने वाकून पाहिलं.

"आलीय."

"मग चौथं सांग."